तांबड्याचा पाय

बाबा, मला आता लिहिता येतं. तुम्ही होता तेव्हा आपल्या घरात कोणालाच अक्षर येत नव्हतं. दवनीवाड्याच्या या घरातला मुलगा शाळेत जायला लागला, तेव्हा त्याच्या पाटीवर मीही गिरवत बसायची. तो हसायचा, पण शिकवायचा. आता तो मोठा झाला, गोंदियाला धानाच्या गिरणीत लिहिण्याचं काम करतो, आणि त्याच्या जुन्या वह्यांची कोरी पानं माझ्या वाट्याला येतात. दुपारी घरात कोणी नसतं. आजवर त्या पानांवर मी औषधं लिहिली, लग्नातली गाणी लिहिली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्हाला लिहावं असं कितीदा तरी मनात आलं. दर वेळी पहिल्या ओळीपाशीच हात थांबला.

धानाचं चुरणं आटपलं, तणसाचे ढीग लागले, धानाच्या बांध्यांत लाखोळीचं पीक वर आलं की आपल्याकडे शंकरपटाचे दिवस येत. गावोगावचे लोक बैल घेऊन निघत आणि त्यांच्याआधी आपल्या दारात माणसं येत. "भाऊ, अवंदा कोनती जोडी पुढं येते?" तुम्ही कधी घरी बसून उत्तर दिलं नाही. म्हणायचे, "बैल पाहल्याबिगर कसा सांगू?" पटाच्या दिवशी शेजारी शेजारी आखलेल्या दोन वाटांवर जोड्या सुटायच्या, हलक्या छकड्यात हाकणारा उभा, आणि लोक धावणाऱ्या बैलांकडे डोळे लावून बसायचे. तुम्ही मात्र तेव्हा तंबाखू मळत असायचे. तुमचं पाहणं सकाळीच झालेलं असायचं. मला तुम्ही शिकवलंत ते हेच. "धावताना नको पाहू, बाई. धावताना सारेच चांगले दिसतात. उभा असताना पाह्य." उभा बैल वजन कुठल्या पायावर टाकतो, रात्रीचं शेण घट्ट आहे की पातळ, पाणी एका दमात पितो की मधे मान वर करतो, जू ठेवल्यावर जोडीदाराकडे सरकतो की त्याच्यापासून लांब होतो. "मानेनं ओढते तो आदी थकते," तुम्ही सांगायचे, "मागच्या पायानं रेटते तो शेवटपर्यंत जाते." तुम्ही स्वतः कधी पैज लावली नाही. नारळ दिला तर घेतला, नाहीतर तसेच घरी आलात.

आई गेली होती. माझा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी पटकीत गेला आणि मी तुमच्याकडे परत आले. घरात आपण दोघं आणि दोन बैल. मी चोवीस वर्षांची होते. त्याच हिवाळ्यात एका भर दुपारी तुम्ही बांधावरून पाय चुकून बांधीत पडलात. मी धावत आले तर म्हणालात, "धुकं किती पडलं आहे." ऊन लख्ख होतं, बाबा. मी हात देऊन तुम्हाला उठवलं. मग तुम्हीच माझं मनगट धरलंत आणि हळूच म्हणालात, "कोनाले नको सांगजो."

मी सांगितलं नाही. पटाला मात्र तुमच्यासोबत येऊ लागले. लोकांना वाटे, पोरगी बापाची भाकर घेऊन येते. मी पदर डोक्यावर घेऊन तुमच्या डाव्या खांद्यामागे उभी राहायची आणि घरचं काही सांगते आहे अशा आवाजात बोलायची. "पांढरा कान हलवून राहिला. त्याच्या मानेवर आताच घाम आहे." तुम्ही ओठ न हलवता विचारायचे, "शेन?" "घट्ट." "एकामेकाकडे पाहतात?" "करडा पाहते, दुसरा नाही पाहत." मग तुम्ही मोठ्यानं जोडी सांगायचे. पहिल्या वर्षी तुम्ही खूप विचारायचे. दुसऱ्या वर्षी कमी. नंतर मी जी जोडी शेवटी सांगायची, तीच तुम्ही सांगायचे. तीही पुढे यायची.

दवनीवाड्याहून माझ्या दुसऱ्या लग्नाचं, पाटाचं, विचारायला पहिल्यांदा माणसं आली ती याच काळात. बायको वारलेला शेतकरी, पदरात तीन वर्षांचा मुलगा. तो स्वतः आला होता, ओसरीच्या कडेला बसला होता, आणि मुलगा त्याच्या मांडीवर झोपला होता. मी पाणी दिलं तेव्हा त्यानं मुलाला जाग येऊ नये म्हणून हळूच हात पुढे केला. एवढंच मी पाहिलं, पण मला तो माणूस पटला. तुम्ही म्हणालात, "पट होऊ द्या, मंग बोलू." पट झाला. तुम्ही म्हणालात, आता मोहफुलं वेचायचे दिवस, मग म्हणालात धानाची रोवणी. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तेव्हाही तुमचं तेच, "पट होऊ द्या." तिसऱ्या वर्षी त्याचा निरोप आला की मुलगा लहान आहे, घरात बाई नाही, माघ सरेपर्यंत वाट पाहतो, पुढं नाही. तुम्ही निरोप ऐकला आणि मला म्हणालात, "कामठ्याच्या पटाले लवकर निघा लागंन."

कामठ्याला त्या दिवशी खूप गर्दी होती. उन्हं वर येत होती तेव्हा एक माणूस जोडी घेऊन तुमच्यापाशी आला. अंगावर साधी बंडी, पायांत काही नाही. एक बैल तांबडा, एक पांढरा, दोन्ही घरच्या गाईंचे, वासरापासून त्यानंच वाढवलेले. पहिल्यांदाच पटाला आणले होते. तो म्हणाला, "भाऊ, तांबड्या काल नाल्यात घसरला. मले तं बरा वाटते. पन तुमी पाहून सांगा. तुमी नाही म्हनलं तं मी आताच घरी नेतो."

तुम्ही बैलाकडे तोंड केलंत. तो तुमच्यापासून दोन हातांवर उभा होता. हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं. पण तुम्ही कधी बैलाला हात लावून पारख केली नव्हती, लोकांना तेच तुमचं कौतुक होतं, आणि आता लावला असता तर कोणी तरी विचारलं असतं, आज हात काऊन लावून राहिले? तुम्ही हात पाठीमागे बांधले आणि माझी वाट पाहिलीत.

तांबड्या पुढचा डावा पाय नुसता टेकवून होता. खुराचं टोक तेवढं जमिनीला. मधूनच उचलायचा, पुन्हा टेकवायचा. हे सांगायला जाणकार लागत नाही, पण त्याच्या मालकाचा जीव त्या बैलात गुंतला होता, त्याला ते दिसत नव्हतं.

मी म्हणाले, "चारही पायांवर सारखा उभा आहे, बाबा."

तुम्ही विचारलंत, "जोडी?" मी म्हणाले, "हेच पुढं येते."

तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "उतरव. हेच जोडी पुढं येते." त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचा शब्द गर्दीत पसरत गेला. मी स्वतःला समजावत होते की बैल मागं पडेल, तुमचं एकदा चुकेल, लोक हसतील आणि पुढं विचारणं सोडतील. मग तुम्हाला माझी गरज उरणार नाही आणि मी जाईन. पाय मोडेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. यायला हवं होतं. तुम्हीच शिकवलं होतं मला.

जोडी सुटते आणि अर्ध्या वाटेपर्यंत पुढं असते. लोक तुमचं नाव घेऊन ओरडतात. मग तांबड्या डाव्या गुडघ्यावर जातो, पांढरा त्याला तसाच ओढत नेतो, छकडा कलंडतो. हाकणारा लांब जाऊन पडतो आणि उठून उभा राहतो. तांबड्या उठत नाही. दोनदा प्रयत्न करतो. मालक धावत जातो, खाली बसतो, त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणतो, "ऊठ ना रे. ऊठ ना."

सगळे गप्प झाले होते. त्या शांततेत तुम्ही विचारलंत, "काय झालं? बाई, काय झालं?" इतक्या मोठ्यानं तुम्ही चारचौघांत मला कधी काही विचारलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं तुमच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याच्यामागून सगळ्यांना कळलं. कोणी हसलं नाही, बाबा. हसले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही माझा हात धरून पटात उतरलात, बैलापाशी बसलात आणि त्या पायावरून वरून खाली हात फिरवलात. खुराशी हात बराच वेळ थांबला. घरी येताना पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पाळीवर तुम्ही उभे राहिलात. "सकाडी कसा उभा होता तो?" मी म्हणाले, "सारखा." तुम्ही थोडं चाललात. मग म्हणालात, "मंग चूक माझीच. हात लावाले पायजे होता."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपला धाकटा बैल सोडलात, शेजाऱ्याला सोबत घेतलंत आणि त्या माणसाच्या गावी तो बांधून आलात. त्याच दिवशी दवनीवाड्याला निरोप धाडलात की येऊन घेऊन जा. मी निघाले तेव्हा तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, "पोराले आदी जेवू घालत जाय, मंग बाकीच्याईले." मी तसंच केलं. त्या पोरानं मला कधी सावत्र मानलं नाही.

तुमच्याकडे एकच बैल उरला. शेजाऱ्याचा एक जोडीला घ्यायचा तर आधी त्याची नांगरणी, मग आपली. दर वर्षी आपली रोवणी उशिरा, दर वर्षी धान पोचट. दिवाळीला मी यायची, भिंती सारवायची, आणि तुम्ही माझ्या सासरच्या बैलांचं विचारायचे. तिसऱ्या वर्षी भादव्यात तुम्हाला ताप आला. नदीला पूर होता. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता आणि सगळं उरकलेलं होतं. शेजारीण म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होते, कोणाचं नाव घेतलं नाही.

हे पान मी फाडून चुलीत घालीन. मुलाला वाचता येतं. पण वर लिहिताना एक गोष्ट मी गाळली, ती लिहून टाकते. कामठ्याला त्या सकाळी, तो माणूस यायच्या थोडं आधी, गावच्या मालगुजारांनी पटाच्या मांडवात बोलावून तुमच्या डोक्याला नवा फेटा बांधला आणि सगळ्यांना सांगितलं, असे डोळे या मुलखात दुसरे नाहीत. तुम्ही हात जोडून म्हणालात, "लहानपनापासूनची सवय आहे जी." मी मागं तुमचं जुनं पागोटं हातात घेऊन उभी होते. तुम्ही मान वळवली नाहीत. मला सासरी जायचं होतं हे खरं आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आले. पण तांबड्याच्या पायाबद्दल बोलले तेव्हा दवनीवाडा माझ्या मनात नव्हता. तुम्ही सगळ्यांसमोर चुकावं, एवढंच मला हवं होतं.