शेंदूर लावलेला दांडा

२ जून १९९६, आष्टी

कडब्यानं भरलेल्या ट्रॅक्टरनं आज आम्हाला मागे टाकलं. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. बद्रीनाथनीही हात केला – जणू पुढे जायची परवानगी त्यांनीच दिली होती. (घरात 'अहो', इथे नाव. इथे कोण ऐकतंय!)

लिलावातली जीप. टायर ट्रॅक्टरसारखे खाचांचे. नांगरलेल्या रानातून जाते, ओढ्यातून जाते. डांबरी रस्त्यावर मात्र चाळीसला किंचाळायला लागते. वळणावर चाकं करकरतात. भिवा ड्रायव्हरनं ती आणून दिली त्या दिवशी धुरळा बसायच्या आत अंगणात आला होता. नंतर काय झालं कोण जाणे. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मते नजर लागली.

५ जून

जालन्याच्या एका कॉलेजात मराठीची जागा. चोवीस तारखेला मुलाखत. तीन वर्षं माझी एम.ए.ची पदवी काचेत बसून आहे, तिच्यावर आत्याबाई दर आठवड्याला फडकं मारतात.

मामंजींना विचारलं. त्यांनी पान लावलं. मग म्हणाले, एसटीत लोंबकळत जायचं नाही. तिकडं बिऱ्हाडही करायचं नाही. आपल्या गाडीनं जायचं, दिवेलागणीला घरात. गाडी तेवढं करून दाखवील तर कर नोकरी.

गाडी!

८ जून

चाचणी. बद्रीनाथ चालवत, मी शेजारी. चहा घेऊन निघालो. रेडिएटरला तीनदा पाणी. जालन्यात पोचलो तेव्हा लोक जेवून आडवे झाले होते. परतलो अंधारात. मामंजी ओसरीवर बसलेले.

"जालना हाय तिथंच हाय ना? का कुनी सरकवलं?"

१० जून

ख्वाजामियाँ आले. ते खरे पाण्याच्या मोटारींचे मिस्त्री, पण आमची जीपही मोटारीसारखीच एका जागी आवाज करते, म्हणून त्यांना बोलावतो. फिल्टर बदललं, ऑइल बदललं. गियरशेजारच्या ठेंगण्या दांड्यापाशी आले आणि हात मागे घेतला.

हा दांडा पुढे झुकलेला असतो. त्याला शेंदूर आहे. गाडी आली त्या वर्षीच्या दसऱ्याला पूजेत आत्याबाईंनी लावला. एक दांडा गाडीचा, दुसरा देवाचा – असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. मी एम.ए. आहे. मीही धरून चालते. शनिवारी उदबत्ती असते.

"वो देव का मामला है भाभी, अपन हात नै लगाते," ख्वाजामियाँ म्हणाले. "बाकी सब बराबर है. दम बहुत है. बस, भागती नै."

१२ जून

मामंजी थोडे विरघळले. मुलाखतीला वेळेवर पोचून दाखव, मग पुढचं बोलू. नाही पोचलीस तर हा विषय घरात पुन्हा नको.

१५ जून

जीप इतकी सावकाश चालते की बद्रीनाथना ती थांबायच्या आधी उतरायची सवय लागली आहे. आज पाय मुरगळला. घोटा भोपळ्याएवढा.

म्हणजे चालवायची मी. लायसन आहे. गेल्या वर्षी पडीक रानात त्यांनीच शिकवलं होतं – गाडी चिखलात रुतली की ढकलायला ते मोकळे राहावेत म्हणून.

मामंजी: एकटीनं न्हाई.

आत्याबाई ताक घुसळत होत्या. रवी न थांबवता म्हणाल्या, "मी जाते संगट."

२३ जून

साडीला इस्त्री केली. उद्या कोंबड्याच्या आधी निघायचं.

२४ जून

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

परतूरला रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी आली आणि तीन तास फाटकातच थांबली. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत बसला. आत्याबाईंनी दशम्या काढल्या. मी घड्याळ बघत होते.

वाटूर फाट्यापर्यंत दहा वाजून गेले. मुलाखत अकराची. जालना अजून कुठच्या कुठे. पुढे रस्ता सरळ, रिकामा, आणि आम्ही त्यावरून किंचाळत चाललेलो. मागून आलेली एसटी निघून गेली. मी म्हणाले, आत्याबाई, नाही पोचत. परत फिरते.

"बाजूला घे."

मला वाटलं, त्यांना उतरायचं असेल. त्या उतरल्या नाहीत. पदराचं टोक ओलं केलं आणि देवाच्या दांड्यावरचा शेंदूर पुसायला लागल्या. नीट, सगळीकडून. मग त्यालाच हात जोडले. "देवा, पोराचं येगळं हाय, हिचं येगळं हाय." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या डाव्या पायाखालचं दाब."

मी क्लच दाबला. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा मागे ओढला. खट्ट.

हे तुम्हाला कुणी शिकवलं, मी विचारलं.

"भिवानं सांगितल्तं," त्या म्हणाल्या. "पुढं ढकलला की बैल, मागं वढला की घोडं. तुमी समदे हॉर्न वाजवू वाजवू बघत व्हते. मी चहा घेऊन आल्ते. मला ऐकू आलं."

"मग हा शेंदूर?"

"त्या राजदूत फटफटीवरून दोनदा पडला बद्री. दुसऱ्या टायमाला हिरीच्या काठाला. आईचं ऐकतो का त्यो? देवाचं ऐकतो." पदर खोचला. "चाल आता. जल्दी."

चालले. पन्नासला जीप गप्प झाली. ती किंचाळल्याशिवाय चालू शकते हे मला ठाऊक नव्हतं. साठ. टायर गुणगुणायला लागले, मग घुमायला. सत्तरला स्टिअरिंग तळव्यात मुंग्यांसारखं थरथरू लागलं. आरशात काही दिसेना. ऐंशीला ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि डोक्यावर फाडफाड वाजू लागलं. आम्ही एसटी गाठली. मागे टाकली! खिडकीतले लोक आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघण्यासारखी स्थिती नव्हती.

आत्याबाईंनी एका हातानं समोरची दांडी धरली होती, दुसऱ्यानं पदराचा बोळा तोंडावर. घाबरल्या, असं वाटून पाय उचलला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"म्या काय म्हनले का तुला?"

त्या हसत होत्या.

मी मुलाखतीला आत गेले तेव्हा अर्धा चेहरा धुळीनं तांबडा होता. रोज येणार कशा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गाडीनं. चालवणार कोण? मी. एक गृहस्थ खिडकीपाशी उठून खात्री करायला गेले. खाली जीप होती. आत्याबाई माझ्या जागेवर बसल्या होत्या, दोन्ही हात चाकावर.

परतताना आष्टीच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. दांडा पुढे. कमरेच्या पिशवीतून शेंदराची डबी निघाली. ती त्यांनी घरूनच आणली होती.

मामंजींनी विचारलं, ह्याच गाडीनं वेळेवर पोचल्या? आत्याबाई म्हणाल्या, "देवाचीच किरपा."

३० जून

जागा मिळाली. मामंजींनी शब्द पाळला. फक्त एक अट – रोज आत्याबाई सोबत हव्यात. आत्याबाईंनी फार त्रास होणार असल्यासारखा चेहरा केला.

१४ जुलै

बद्रीनाथ जीप घेऊन रानात जाऊन आले. तीच किंचाळी, तेच चाळीस. जेवताना माझ्याकडे बघत होते. तुझ्या हाती कशी पोचती? मी म्हणाले, हात हलका लागतो. रात्री त्यांनी दोन बोटांनी स्टिअरिंग धरून अंगणात सराव केला.

शेंदूर फार लागतो. जालन्याहून आणते.

१८ ऑगस्ट

आत्याबाईंनी विचारलं, "डाव्याखालचं कळलं. मधलं कशाचं?"

ब्रेकचं, मी म्हणाले.

"त्ये कमी वापरतीस तू. चांगलं हाय."

२५ ऑगस्ट

पडीक रानात शिकवणी. मामंजींना सांगितलं, शेणी वेचायला. आत्याबाईंनी बांध ओलांडला, बाभूळ टाळली, दुसरी नाही टाळली. रिकामी पाटी बघून मामंजी म्हणाले, आवंदा शेन कमी दिसतंय.

१९ सप्टेंबर

जालन्यात लायसनसाठी फोटो काढला. फोटोवाला दोनदा म्हणाला, आजी, हसू नका.

दसरा

गाडीची पूजा. दांड्याला शेंदूर. स्टिअरिंगलाही कुंकू – आत्याबाईंनी बोटानं गोल फिरवलं, गरजेपेक्षा जास्त वेळ. बद्रीनाथनी दांड्यापुढे नारळ फोडून मागितलं: थोडी तरी पळू दे. आत्याबाईंनी नजर खाली घातली.

२ डिसेंबर

आजच्या तासाची तयारी घरी झाली नाही, ती आत्ता करायला घेतली होती. जमत नाही. अक्षर उड्या मारतंय. वाटूर फाटा मागे गेला, काटा ऐंशीच्या पुढे आहे, आणि आत्याबाई रस्त्यावरची नजर न काढता विचारताहेत, "ह्याच्या फुडं बी एखादा दांडा असंल की गं?"