ताईच्या गणिताला परका आवाज

प्रिय ताई,

तू गेल्यापासून तुला लिहायचा धीर झाला नव्हता. आज रागाने लिहितेय. काल तलासरीला तुझ्या कॉलेजात गेले होते. तुझ्या गणिताच्या फिल्म आता सगळ्या वर्गांना दाखवणार, त्याचा कार्यक्रम होता. आईला घेऊन गेले. लेकीचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

पडद्यावर तुझीच निळी वक्ररेषा. तिच्याखाली उभ्या पट्ट्या. पट्ट्या बारीक होत गेल्या, वरची पायऱ्यापायऱ्यांची कड गुळगुळीत झाली, सगळी जागा भरून आली. आणि बोलत होती कुणी भलतीच बाई! बातम्या दिल्यासारखी.

आई कानात म्हणाली, "ही कोण गो? आपली पोर कुठंय?"

काय सांगू तिला?

मी उठून विचारलं, "माझ्या बहिणीचा आवाज कुठे गेला?" प्राचार्य म्हणाले, "तुमच्या बहिणीचं काम उत्तमच. पण भाषा जरा किनाऱ्यावरची. रेकॉर्डिंगमध्ये मागे कुणीतरी कावळे हाकलतंय. बाहेरच्या कॉलेजांना पाठवायचं तर व्यवस्थित नको?"

कावळे हाकलणारी आई होती, ताई! अंगणात बोंबील वाळत घालताना. आणि ती त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत बसली होती!

हेच ना ते साहेब? तू प्रोजेक्टर मागितलास तेव्हा म्हणाले होते, "बारावीच्या मुलांना कार्टून दाखवणार का?" मग तू स्वतःचा लॅपटॉप बाकाबाकांवर फिरवलास.

तुझाही रागच येतो. सगळ्या फाइली कॉलेजला हसत देऊन मोकळी झालीस. "मुलांना कळलं की झालं गो!" नाव तरी घालायचंस!

तेवढ्यात मागून तुझी विद्यार्थिनी उठली, उधव्याची सुनीता. "सर, इंग्रजी पुस्तकातलं इंटिग्रेशन मला ह्याच फिल्मने कळलं. पण आमच्या बाई मध्ये थांबायच्या. म्हणायच्या, 'घाई नको, पट्टी अजून बारीक करूया.' ह्या बाई थांबतच नाहीत."

"आवाजाचं काय घेऊन बसलात? गणित तेच आहे ना?"

"तेच नाही, सर," मी म्हटलं. "कुठे थांबायचं, ते तिला माहीत होतं."

पोरं गप्प बसेनात, तेव्हा त्यांनी तुझी मूळ फाइल लावली. तुझा आवाज आला. आई रडली नाही गं. ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मला वाटलं, जिंकलो. आज सकाळी प्राचार्यांचा फोन आला: कॉलेजात तुझा आवाज ठेवू, बाहेर मात्र नवाच जाईल. म्हणजे इथल्या पोरांपुरती तू चालतेस, आणि चारचौघांत तुझी लाज वाटते! मेलेलं माणूस भांडायला येत नाही, असं वाटतं का त्यांना?

सोमवारी मी आणि आई पुन्हा तलासरीची बस धरतोय. सुनीता फाट्यावर भेटणार आहे. तुझं नाव आणि तुझा आवाज घातल्याशिवाय ती फिल्म मी कुठेही जाऊ देणार नाही. मला कितीही खेपा पडोत. हा माझा शब्द.

तू नेहमी 'भांडकुदळ' म्हणायचीस ती,
तुझी छबी
डहाणू