यांनी परस्पर ठरवलं

१२ ऑगस्ट, सोमवार. लातूर

आज आम्ही दोघं वकीलबाईंकडे यांचं मृत्युपत्र सहीआधी वाचून घ्यायला गेलो. घर माझ्या नावे, रान दोन्ही लेकरांना, इथवर ठीक होतं. मग बाईंनी वाचलं, "माझा देह पुरू नये, मेडिकल कॉलेजला द्यावा."

मी उठूनच उभी राहिले. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देऊन पुरतात. रानात सासऱ्यांच्या शेजारी आम्हा दोघांची जागा ठरलेली. मला एका शब्दानं विचारलं नाही!

"विचारलं असतं तर हाव म्हणली असतीस का?" हे म्हणाले.

बाई म्हणाल्या, "काकू, कागदावर काही असू द्या. त्या वेळी तुम्ही नाही म्हणालात तर कॉलेजवाले नेत नाहीत." म्हणजे सगळं माझ्यावरच.

"आन् गळ्यातल्या लिंगाचं काय?" मी यांना विचारलं. वाटलं, इथं अडकतील.

"ते तू ठेव. तुला पुरतील तवा तुझ्यासंगं जाऊ दे."

म्हणजे मी मागं राहणार, हेही यांनी ठरवूनच टाकलंय. कधी ठरवलं? रोज सकाळी माझ्या शेजारी पूजेला बसतात, तेव्हा?