सुमनच्या प्रबंधाला लागलेला व्हायरस

परभणी, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९९३

आज सुमनला खरं सांगून टाकलं. तीन दिवस तिचा प्रबंध उघडला, की माझ्या क्लासमधला कॉम्प्युटर बंद पडायलाय. आणि बायको बिचारी म्हणायली, "माझंच बोट चुकलं असंल." मी गप्प. का गप्प राहिलो? औरंगाबादहून गेमची फ्लॉपी मीच आणली होती. व्हायरस त्या फ्लॉपीतूनच आला.

दुपारी स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करून व्हायरस काढला. तीन प्रकरणं वाचली, चौथं गेलं. ज्वारीवरच्या खोडमाशीचं. झरी गावच्या शेतात दोन हंगाम उन्हात उभं राहून तिनं नोंदी घेतल्या होत्या त्याच्यासाठी.

ऐकून ती म्हणाली, "तीन दिवस मी रडायले, अन् तुमी नुसतं बघत बसलात?"

"लय भ्यालो होतो."

"मशीनला?"

"तुला."

तिला हसू आवरलं नाही. नोंदींच्या वह्या आणून म्हणाली, "बसा. मी सांगते, तुमी टाईप करा."

संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. प्रत्येक चुकीला ती माझ्या डोक्यात टपली मारत होती. शेवटच्या दोन-तीन चुका मी मुद्दाम केल्या.