चुलीमागचं भुयार

प्रिय अदला,

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. शाळा पाचवीतच सुटली आणि बाबांच्या फोनवर एकेक अक्षर शोधत लिहितेय. सकाळपासून लिहून इथपर्यंतच आलेय. फोन केला असता, पण बोलायचं म्हटलं की माझं तोंडच उघडत नाही, तुला माहितीये.

तू जर्मनीला गेलीस आणि आम्ही छावणीतून गावात परत आलो. बघतो तर काय, दाएशच्या बंदूकवाल्यांनी आमच्या स्वयंपाकघरातूनच भुयार खणलेलं. चुलीमागे तोंड, आणि उपसलेली माती आतल्या खोलीत छतापर्यंत. आई म्हणाली, मेल्यांनी घर उलटं करून ठेवलं. माती आम्ही महिनाभर अंगणात नेऊन पसरली. भुयारावर पत्रा टाकला, पत्र्यावर पिठाचा डबा.

तुझे बाबा मात्र गावातलं एकेक भुयार बघत फिरायचे. पळवून नेलेल्या बायकांना आधी भुयारात ठेवलेलं, त्यांनी भिंतीवर नावं कोरलीत, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. शामेकाकूंचं नाव शोधायचे ते. लोक म्हणायचे, काय रे खुदेदा, उंदीर झालास काय? ते म्हणायचे, बायको सापडत असेल तर तोही होतो.

नीसानच्या पवित्र महिन्यात भुयारं बुजवणारी माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. घरी मी एकटी. अंगण उकरून माती आत टाकणार होते. मी दाराआडूनच म्हटलं, नीसान चालू आहे, माती पोटुशी असताना तिला कुदळ लावत नाहीत, पुढच्या महिन्यात या. त्यांच्यातला एक म्हातारा आपल्या धर्मातलाच होता. म्हणाला, पोरीचं बरोबर आहे. गेले. बाबांना मी सांगितलं, कुणी आलंच नाही.

खरं सांगू? नीसानचं मला काहीच नव्हतं. चार परके बाप्ये घरात येणार, त्यांना पाणी द्यायचं, त्यांच्याशी बोलायचं, तेच मला नको होतं. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तुझे बाबा आले. हझना, तुमचंच एक राहिलंय बघायचं, म्हणाले. पिठाचा डबा त्यांनीच सरकवला. उतरता उतरता म्हणाले, चहा टाक पोरी, आणि साखरेत कंजुषी नको, आलोच मी. पाणी उकळायच्या आत पायाखालची जमीन हलली आणि खालून धूळ आली. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी ओरडले. सगळं गाव धावलं. नीसानचं नाव कुणी काढलं नाही, म्हाताऱ्यांनीसुद्धा हातांनी माती उपसली. ते सापडले तेव्हा ऊन उतरलं होतं.

तुला सगळ्यांनी सांगितलं, झोपेत छातीत कळ आली. मीही फोनवर म्हटलं, हो, मी जवळच होते. परवा तू लिहिलंस, बाबा आपल्या अंथरुणात गेले एवढ्यावरच मला झोप लागते, आणि शेवटी तू होतीस त्यांच्याजवळ, तू माझी बहीणच. म्हणून लिहिलं. त्या माणसांना मी आत घेतलं असतं तर ते तोंड बुजलं असतं. भिंत उरली तेवढी मी बॅटरी घेऊन बघितली, अदला. काकूंचं नाव नाही. कुणाचंच नाही. मला बहीण म्हणू नकोस.

अजून चालत असेल तर, तुझीच
हझना

आज खलफ न्हाव्याला जुळं झालं, सगळ्या गावाची दाढी फुकट.