काळूरामची फुली

३ नोव्हेंबर
सैन्यासाठी स्वदेशी रायफली बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झालो आणि राष्ट्राने मला एक चाक कमी असलेली खुर्ची दिली. रीतसर अर्ज केला. स्टोअरचं उत्तर आलं: रायफलच्या नळ्या दोनशे आहेत, चाक नाही. पनवेलहून आपट्याला जाताना हा कारखाना लागतो. माझं काम माहितीपुस्तिका आणि अहवाल लिहिण्याचं. वीस वर्षं विनोदी सदर चालवलेल्याला हे अवघड नाही. कॅन्टीनच्या गोदूबाईंनी खुर्चीखाली लावायला लाकडी ठोकळा उसना दिला. वर म्हणाल्या, लावा सायेब, खुर्ची मोडली तरी नाव तुमचाच येल.

५ नोव्हेंबर
मालक केतनशेठनी पहिला अहवाल सोपवला. काल तपासनीस काळूराम रायफलच्या चाचणीत जिवानिशी गेला. गोळीचा धक्का पेलणारा बोल्ट फुटून तोंडावर आला. कारण थोडक्यात हवं होतं. मी लिहिलं, 'हाताळणाऱ्याची चूक.' शेठ म्हणाले, दोन शब्दांत मिटवलंत, मानलं बुवा!
संध्याकाळी कळलं, काळूराम गोदूबाईंचा नवरा. ठोकळा त्याच्याच हातचा.

८ नोव्हेंबर
फिटर मोनालीने हळूच सांगितलं. त्या खेपेचे चाळीसही बोल्ट काळूरामने नापास केले होते. नापास मालावर तो टोचणीने फुली कोरायचा. त्या फुलीची डावी टांग लांब. शेठनी फुल्या घासून काढल्या आणि त्यातलाच बोल्ट बसवलेली रायफल काळूरामच्याच हातात दिली. मोनाली बोलली असती तर गेटबाहेर गेली असती. मी तर न विचारताच लिहिलं.

११ नोव्हेंबर
कुलूपबंद कपाटात उरलेल्या एकोणचाळीसही बोल्टांवर फुल्या. टांग लांब. शेठ माझ्यावरच घसरले, हे लेखकाचे चाळे म्हणे. पुन्हा घासल्या.

१२ नोव्हेंबर
पुन्हा फुल्या. शेठच्या केबिनच्या काचेवरही. आतून.

१४ नोव्हेंबर
लष्करी अधिकारी आले. शेठ म्हणाले, माल इतका खात्रीचा की पहिली गोळी मीच झाडणार. त्यांच्या कपाळावर – मला स्पष्ट दिसली. सांगायला तोंड उघडलं.
मिटलं.
बोल्ट मागे आला.

१५ नोव्हेंबर
शेठचे भाऊ, धाकटे शेठ म्हणतात, शेठच्या मृत्यूच्या अहवालात तीच ओळ पुन्हा टाका.
माझ्या उजव्या तळव्यावर एक रेघ. सकाळी नव्हती. दुसरी उमटतेय –

१६ नोव्हेंबर
लिहिलं. दोष बोल्टचा, काळूरामने तो नापास केला होता, आधीची ओळ खोटी, ती माझी. सही करून लष्कराकडे धाडलं.
गोदूबाईंना ठोकळा परत केला, सोबत एक प्रत. त्यांनी नवऱ्याचं नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. चहा काठोकाठ दिला.
खुर्चीत बसलोय. ठोकळा नाही. तरी डुगडुगत नाही. खाली, चाकाच्या जागी, कुणीतरी हात –