पिवळ्या रेघेच्या अलीकडून

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार घालायचा म्हणून पेन उचललं आणि थबकले. आठांपैकी एक अंग, म्हणजे उजव्या पायाचा अंगठा, सध्या वांग्यासारखा जांभळा आहे आणि जमिनीला टेकवत नाही. तेव्हा तूर्त सात अंगांचा नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे हे मी विचारणार नाही, कारण ते मला तुझ्या सूनबाईकडून रोजच्या रोज कळतं (तिला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारते). ऑपरेशन झकास झालं, डॉक्टर म्हणतात चाला, आणि तू पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून खिडकीत एवढाच प्रवास करतेस म्हणे. वर खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याला नावं ठेवतेस. त्या समोरच्या मास्तरांना तू ‘बदक’ म्हणतेस हेही कळलं. बदक तर बदक, चालतात तरी!

गेल्या वेळी फोनवर मी तुला ये म्हटलं तर तू काय म्हणालीस आठवतं? “मी नाही बाई येत. तुमच्याकडचं सगळं बसणं जमिनीलगत. एकदा बसले की मला उठवायला क्रेन बोलवावी लागेल.” ताई, ते मला लागलं. लागलं अशासाठी की ते खरं होतं. आमचा सोफा माणसं गिळतो. मागे एक पाहुणे त्यातून कसेबसे सुटले, त्यांचा चष्मा मात्र नंतर गादीच्या फटीत सापडला, आणि त्याच्याबरोबर त्याआधीच्या पाहुण्यांचा कंगवा. मग मी त्याच दिवशी ठरवलं, की ताईसाठी अंगणात बाक करायचा. चांगला उंच, पाठ टेकायला जरा कललेली, आणि दोन्ही बाजूंना हात दाबून उठता येईल असे दणकट हात. आणि करायचा तो मी, माझ्या हातांनी. (शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे आणि आपल्याला भरतकाम, हे मला तेव्हापासून खुपतं आहे. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात मी जेवढी कबुतरं भरली, तेवढी खरी असती तर घरावर छप्पर राहिलं नसतं.)

आता बाक करायचा म्हणजे गॅरेजमध्ये जायला हवं, आणि गॅरेज म्हणजे आमच्या ह्यांचं राज्य. कारखान्यातून निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी हे अजून फोरमनच आहेत. गाडी बिचारी अंगणात उन्हात उभी असते आणि गॅरेजमध्ये यांचं वर्कशॉप. सकाळी डबा घेऊन जातात. गॅरेज स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, मी फोडणी दिली की यांना तिकडे ठसका लागतो, तरी डबा हवाच. पहिल्या दिवशी मी आपली घरातल्या सपाता घालून आत गेले, मोठ्या उत्साहाने एक फळी उचलली, आणि तिच्यावर ठेवलेला, फळ्या आवळायचा लोखंडी क्लॅम्प थेट माझ्या अंगठ्यावर उतरला. मी काय ओरडले ते लिहीत नाही, आपल्या शाळेतल्या सिस्टर अजून कुठे तरी ऐकत असतील. यांनी आधी क्लॅम्प तपासला (तो धड होता), मग अंगठा, आणि मग कोपऱ्यातला रंगाचा डबा उघडून गॅरेजच्या दारात जमिनीवर एक पिवळीधमक रेघ ओढली. म्हणाले, “पायात नीट बूट नसलेला माणूस ही रेघ ओलांडणार नाही. मॅनेजर आला तरी नाही.”

“मी मॅनेजर नाही, तुमची बायको आहे,” मी म्हटलं.

“मॅनेजर निदान ऐकायचा,” हे म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

झालं. पुढचे कितीतरी दिवस मी रेघेच्या अलीकडे सपाता घालून उभी, आणि हे पलीकडे. मी ओरडून सांगायची, “पाठ जरा आणखी कलती करा, ताईचं पोक लक्षात घ्या,” आणि हे कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं सोंग करायचे. असा बाक मला नको होता. तू त्यावर बसलीस आणि मी म्हणाले ‘मी केला’, तर ते खरं असायला हवं. म्हणून मी बुटांच्या मागे लागले.

पहिल्यांदा माळ्यावरचे जुने कॅनव्हासचे बूट काढले. मऊ, हलके, पायात आहेत की नाहीत कळू नये असे. पण वर्कशॉपच्या जमिनीवर तेल सांडलेलं असतं, आणि कॅनव्हास ते असं प्यायलं, असं प्यायलं, की संध्याकाळपर्यंत माझ्या पायमोज्यांवर चूल पेटली असती. वर तळवा इतका पातळ की जमिनीवर पडलेला स्क्रू आडव्या खाचेचा आहे की फुलीचा, हे मला न बघता सांगता यायला लागलं. हे म्हणाले, “बाद.” मग गमबूट आणले. फळ्या अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, आणि तिथे नळ गळून कायम चिखल. मी ऐटीत गेले, फळी उचलली, वळले, आणि पुढचं पाऊल टाकलं ते नुसत्या मोज्याचं. बूट मागे चिखलात तसाच उभा, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. दुसरा पाय तर बाहेरच येईना. शेवटी मी पायरीवर बसले, यांनी बूट दोन्ही हातांनी धरला, ‘एक, दोन’ म्हणाले आणि तीन म्हणायच्या आत बुटासकट भुश्याच्या ढिगात उताणे पडले. मला हसू आवरेना. यांना आवरलं.

त्यानंतर आमच्या शेजारीणबाईंनी त्यांचे बागेतले भोकाभोकांचे रबरी जोडे दिले. “अहो, घालून बघा, पायांना वारा लागतो,” म्हणाल्या. वारा लागतो, खरं आहे. भुसाही लागतो. दिवसभरात एवढा भुसा भोकांतून आत जायचा की मी घरात जिथे जिथे फिरले तिथे तिथे मागे वाट उमटायची. हे म्हणायचे, तू कुठे कुठे गेलीस ते विचारावं लागत नाही आता. पण कडेलोट झाला तो ग्राइंडरने. हे एक खिळा घासत होते, ठिणग्या उडत होत्या, आणि त्यांतली एक बरोब्बर नेम धरून भोकातून आत गेली. ताई, शाळेच्या वार्षिक समारंभात मला नाचात घेतलं नव्हतं ना, कारण माझे पाय उचलले जात नाहीत म्हणून? आता येऊन बघायला हवं होतं त्यांनी.

तेव्हा शेवटी दुकानात गेले. दुकानातला पोरसवदा सेल्समन गोड बोलणारा होता. “काकू, काकांचा नंबर काय?” मी म्हटलं, काका घरी आहेत, नंबर माझा. तर मला जिन्याने वर बायकांच्या विभागात पाठवलं. तिथे सगळीकडे नाजूक पट्टे आणि फुलं. मी विचारलं, हे घालून गॅरेजमध्ये काम करता येईल का? तो म्हणाला, “गॅरेजपर्यंत जाता येईल, काकू.” मला मुलगा आवडला. मग त्याने खालून कामगारांचे बूट आणले, पुढे आत पोलादी वाटी असलेले. “पायावर काय पडणार आहे?” असं त्याने विचारलं, मी म्हटलं, बाक. त्याने मान डोलावून लिहून घेतल्यासारखं केलं. पण पायाचं माप घेईना. म्हणाला, सकाळी बूट घ्यायचे नाहीत, संध्याकाळी पाय जरा सुजतात, तेव्हा या. म्हणून मी दिवसभर बाजारात वणवण करून, पाय चांगले सुजवून, घरून आणलेले जाड मोजे घालून पुन्हा हजर. बोटांच्या पुढे अंगठाभर जागा, टाच मागे न सरकणारी, आतली बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता येतात, तळव्याला तेलावर पकड धरणाऱ्या खोल खाचा. घातले, उभी राहिले, आणि ताई, खोटं नाही सांगत, दोन्ही पाय एकदम ‘हुश्श’ म्हणाले.

इथे मी थांबले असते तर सगळं ठीक होतं. पण नवे बूट घरी आले की काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवलं? सिस्टर भिंगांनी. (त्यांचं खरं नाव तुला तरी आठवतं का? मला फक्त ते जाड काचांमागचे मोठ्ठे डोळे आठवतात.) सोमवारी सकाळी आपण रांगेत उभ्या, आधी बुटाचं टोक दाखवायचं, मग टाच, मग पाठमोरं होऊन घोड्यासारखा पाय मागे उचलून तळवा. “देव वरून बघतो आणि सैतान खालून बघतो,” त्या म्हणायच्या, “दोघांनाही नीटनेटकी मुलगीच दिसली पाहिजे.” रांगेतल्या इतर मुली तळवे नुसते पुसायच्या. तू आणि मी मात्र घासून पॉलिश करायचो, आठवतं? दोघींमध्ये एक ब्रश, आणि तू पॉलिशची डबी गुडघ्यात धरून बसायचीस. तर मी तो जुना ब्रश काढला, बसकण मारली आणि बूट चमकवले. वरून चमकवले, कडांनी चमकवले, आणि हात ओळखीच्या वाटेने निघाला तो खाली तळव्यावर गेला. एकेका खाचेत मेण भरलं. आरशासारखे झाले. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

दुसऱ्या सकाळी मी डौलात रेघ ओलांडली. म्हणजे ओलांडायला पाऊल उचललं एवढं मला आठवतं. पुढचं काम बुटांनी केलं. मी उभीच्या उभी, हात पसरून, अगदी कबुतरासारखी, तेलावरून सरसर निघाले. वाटेत यांचं टेबल लागलं, त्यावरचा डबा घेतला (मुद्दाम नव्हे, हाताला आला), आणि समोर बाक होता. आपला बाक. आदल्या संध्याकाळी जोडून, सरस वाळायला ठेवलेला. मी गर्रकन फिरले आणि दाणकन त्याच्यावर बसले.

ताई, बाक हलला नाही! एक सांधा कुरकुरला नाही. मी त्यावर मांडीवर डबा घेऊन बसलेली, बसस्टॉपवर बसावं तशी. यांनी रंधा खाली ठेवला, चष्मा वर केला, माझे पाय बुटांसकट उचलून तळवे पाहिले, त्यांत बहुधा यांना स्वतःचं तोंड दिसलं असावं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “तळव्यांना पॉलिश कोण करतं?” मी म्हटलं, “आम्ही दोघी.” आणि मग हे हसले. एवढे हसले की शेजारीणबाई कुंपणापाशी आल्या. मी उठून रागाने निघून जाणार होते, पण उठता येईना, सरस ओला होता. शेवटी साडीचा एक तुकडा कापावा लागला. तो अजून बाकाला चिकटलेला आहे, निळा, तू मला दिलेल्या साडीचा. हे तो घासून काढायला निघाले होते, मी काढू दिला नाही. तुझी बसायची जागा म्हणून खूण राहील.

त्यानंतर मी घासलेटने खाचा साफ केल्या आणि रीतसर रेघ ओलांडली. पाठ मी घासली. हात मी गोल केले, तळहाताखाली रुतू नयेत म्हणून. आता एकच काम राहिलंय. बाकाचे पाय मुद्दाम लांब ठेवलेत. तुझ्या नव्या गुडघ्याला नेमकी किती उंची हवी ते आम्हाला कळत नाही. हे म्हणाले फोनवर विचार, पण फोनवरची उंची मला मान्य नाही. माणूस समोर उभा करून मापायचा आणि मग कापायचे. सध्या बाक इतका उंच आहे की मी बसले तर पाय लोंबकळतात, शाळेच्या चर्चमध्ये लोंबकळायचे तसे. तेव्हा शेजारी तू असायचीस आणि तुझे टेकायचे.

सूनबाईला, लेकाला आशीर्वाद, बदकमास्तरांना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राबरोबर एक पार्सल येईल. त्यात माझे बूट आहेत. मला ते जरा कडक वाटतात. तुला माहीतच आहे, मी जन्मात नवा बूट रुळवला नाही. नवे तुला यायचे, तू वर्षभर टाचांना फोड घेऊन रडत ते मऊ करायचीस, मग टोकाला वर्तमानपत्राचा बोळा घालून ते मला मिळायचे. अख्खी शाळा मी तुझ्या बोटांच्या खळग्यांतून चालले. तेव्हा आता एवढ्यासाठी नवीन काय शिकू? आपला नंबर आता एकच आहे. कृपा करून महिनाभर घालून दे. बसून रुळत नाहीत, चालावं लागतं. फाटकापर्यंत आणि परत, असं सुरू कर.

ता. क. २. रुळले की पोस्टाने पाठवू नकोस, पोस्टात हरवतात. पायात घालूनच ये.

ता. क. ३. तळवे बघून घे, पॉलिश नाही. मोह झाला होता.

ता. क. ४. हे मागून वाचतायत आणि म्हणतायत, की बूट तर हिला पहिल्या दिवसापासून फुलासारखे बसतात, आत्ता कालपर्यंत घालून नाचत होती, मग हे पार्सल कसलं? तू यांचं काही ऐकू नकोस. यांना बायकांच्या बुटांतलं काही कळत नाही. पण नियमाला हे पक्के आहेत, बूट नाहीत म्हणून आज सकाळी मला पुन्हा बाहेर काढलं. तेव्हा तू येईपर्यंत मी रेघेच्या अलीकडे, सपाता घालून उभी आहे. माझेही गुडघे काही नवे नाहीत, ताई. फार वेळ उभी करू नकोस.